मशिनी वाटल्या, सवड कोण वाटणार?

एप्रिल महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून शिलाई मशीन वाटपाचे फलक लागतात. जयंतीच्या मंडपात दहा-पंधरा मशिनी ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकीला झेंडूचा हार असतो. मान्यवर अलीकडून मशीनवर हात ठेवतात, भगिनी पलीकडून हात ठेवते आणि फोटो निघतो. यात गैर काही नाही. ज्या घरात मशीन नव्हती त्या घरात ती आली, हे चांगलेच झाले. देणारा कोणत्या पक्षाचा होता आणि निवडणूक किती महिन्यांवर होती, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. माझा आक्षेप आहे तो या समारंभातल्या एका ठरलेल्या वाक्याला. प्रत्येक वक्ता ते बोलतो : "आमच्या भगिनींनी या मशीनवर चार पैसे मिळवावेत आणि संसाराला हातभार लावावा."

हातभार? जणू काही मशीन येण्यापूर्वी ही बाई संसारात पाहुणी म्हणून राहत होती! पहाटे पाण्याच्या नळावर उभी राहणारी, डबे भरणारी, चार घरची धुणीभांडी करून पुन्हा आपल्या चुलीपाशी बसणारी बाई आणखी कसला हातभार लावायची राहिली आहे? आणि आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू कमावतीच असली पाहिजे, हा नियम कोणी केला? सवर्ण मध्यमवर्गाच्या घरात हार्मोनियम येते, कॅमेरा येतो, भरतकामाच्या रंगीत लड्या येतात. त्यांना कोणी विचारत नाही की यातून महिन्याला किती सुटतात. आमच्या घरात शिलाई मशीन आली की पहिला प्रश्न तोच.

सातपूरच्या कामगार वस्तीत माझ्या माहितीचे एक घर आहे. बाईंचे वय साठीच्या पुढे. नाव देत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. आपण त्यांना ताई म्हणू. ताई दिंडोरी तालुक्यातल्या खेड्यातून लग्न होऊन सातपूरला आल्या. साठच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, मायको, महिंद्र, सीएट असे कारखाने आले आणि १९७२ च्या दुष्काळाने गाव सुटलेली आमची माणसे त्यांच्या आसपास लहान-मोठ्या वर्कशॉपमधून कामाला लागली. ताईंचे यजमान त्यांपैकीच एक. फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत फिटरच राहिले. दोन खोल्यांचे घर. त्यात तीन शिलाई मशिनी.

पहिली काळी सिंगर हातमशीन, सासूने नाशिकच्या जुन्या बाजारातून आणलेली. तिच्या अंगावरची सोनेरी नक्षी हात फिरून फिरून निम्मी पुसली आहे. तिचे शटल होडीच्या आकाराचे, आतली बॉबिन लांब आणि बारीक. दुसरी उषाची पायमशीन, हप्त्याने घेतलेली. (हप्त्याने वस्तू विकण्याची युक्ती मुळात सिंगर कंपनीने १८५० च्या दशकात अमेरिकेत रूढ केली. शिवणयंत्र बऱ्या घरांपुरते राहिले नाही, त्याचे बरेचसे श्रेय या युक्तीला जाते.) तिसरी हलकी, मोटरची, नागमोडी टाक्याची, ती मुलीने नोकरी लागल्यावर दिली. मुलगी परिचारिका आहे, मुलगा अंबडला कंत्राटावर.

ताई गिऱ्हाइकाचे काम घेत नाहीत. शेजारणी ब्लाउज घेऊन येतात आणि परत जातात. दुपारी घर मोकळे झाले की दोन तास ताई शिवतात ते त्यांना वाटेल ते. नातीचा फ्रॉक, यजमानांच्या कारखान्याच्या जुन्या निळ्या गणवेशाचे चौकोन जोडून केलेली गोधडी, विहारासाठी पंचशील ध्वज. एका शर्टाची कॉलर त्यांनी चार वेळा उसवली आणि पाचव्यांदा बसवली. मी विचारले, इतका खटाटोप कशाला? ताई म्हणाल्या, "मनासारखी बसत नव्हती म्हणून. मजुरीवर शिवत होते तेव्हा उसवायची सोय होती का?"

हे उत्तर मला महत्त्वाचे वाटते. कारण ताईंनी मजुरीवर शिवले आहे, तेही अकरा वर्षे. यजमानांच्या कारखान्याला टाळे लागले तेव्हा एका व्यापाऱ्याकडून परकराचे कापलेले गठ्ठे घरी यायचे. नगावर मजुरी. रात्री मुले झोपली की पायमशीन सुरू व्हायची. खाली गोधडी अंथरायची, म्हणजे शेजारी आवाज जाऊ नये. टीप वाकडी गेली तर नग परत, मजुरी कापली. उसवायला लागलेला वेळ आपल्याच पदरचा. दोरा आपला, सुई आपली, तेल आपले, वीज आपली. त्या परकरांवर तिन्ही मुले शिकली. तेव्हा कामाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. ज्या बाईने हे सर्व केले आहे तिनेच आता ठरविले आहे की मशीन पुरे झाली कमवायची.

यावरून घरात कुरबुर आहे. मुलाचे कंत्राट दर काही महिन्यांनी संपते आणि पुन्हा होते, कधी होत नाही. तो वाईट मुलगा नाही. त्याचे म्हणणे असे की मोटरची मशीन आहे, आईचा हात सफाईदार आहे, महिन्याला चार-पाच हजार सहज सुटतील; आणि नाहीच घ्यायचे काम, तर निदान दोन जुन्या मशिनी भंगारात घालाव्यात, खाटेपुरती जागा होईल. ताईंनी त्याला एकदाच सांगितले : "अकरा वर्षं मी मशीन या घरासाठी चालवली. आता दोन तास माझ्यासाठी चालू दे." सुनेने सासूची बाजू घेतली, हे विशेष.

पुष्कळ कार्यकर्त्यांना यात मुलाचे बरोबर वाटेल. हौस पोट भरल्यावर करायची असते, असे ते म्हणतील. त्यांनी बाबासाहेबांचे १९४५ चे पुस्तक पुन्हा उघडावे, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरचे. त्यातले गांधीवादावरचे प्रकरण आपल्याकडे राजकारणासाठी वाचले जाते; त्यात यंत्राविषयी जे आहे त्याकडे लक्ष जात नाही. बाबासाहेबांचा मुद्दा सरळ आहे. पशू आणि माणूस यांत फरक पडतो तो संस्कृतीने. संस्कृतीला सवड लागते. आणि कष्टकरी माणसाला सवड मिळवून देईल असे साधन एकच, ते म्हणजे यंत्र. यंत्रामुळे जे अनर्थ झाले ते यंत्राचे नव्हेत, नफा मूठभरांच्या घरात नेणाऱ्या समाजरचनेचे आहेत. तेव्हा यंत्र न मोडता रचना बदलायची. सवड ही बाबासाहेबांच्या लेखी चैन नव्हती. ज्यांना हजारो वर्षे ती मिळू दिली नाही त्यांचा तो हक्क होता.

आता गंमत पाहा. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधींनीही एका यंत्राला सूट दिली होती, आणि ते यंत्र म्हणजे हेच, सिंगरचे शिवणयंत्र. १९२४ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या संभाषणात ते म्हणतात की पत्नीला हाताने शिवताना शिणलेली पाहून सिंगरने तिच्या प्रेमापोटी हे यंत्र शोधले. गोष्ट गोड आहे. परंतु आयझॅक सिंगरच्या चरित्राशी तिचा मेळ बसत नाही. त्याला अनेक स्त्रियांपासून वीसहून अधिक मुले झाली आणि यंत्रात त्याने लक्ष घातले ते पैशासाठी. शिवाय टोकाशी भोक असलेल्या सुईचे आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट एलियास हाऊने १८४६ सालीच घेतले होते. सिंगरचे १८५१ चे. पण चरित्र सोडून द्या. गांधींच्या गोष्टीत यंत्र हे नवऱ्याने बायकोवर केलेली कृपा आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत ते माणसाच्या मुक्तीचे साधन आहे. मंडपात मशीनवर हात ठेवून फोटो काढणारे पुढारी नाव बाबासाहेबांचे घेतात, वागतात मात्र त्या पहिल्या गोष्टीप्रमाणे.

कापड आणि शिवण यांचा आमच्याशी संबंध काय होता, हेही नव्या पिढीने जाणून घ्यावे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी कपडे नेमून दिले आहेत : मेलेल्यांच्या अंगावरचे. म्हणजे आमच्या मापाचे कापड कापलेच जाऊ नये अशी व्यवस्था. शिंप्याने आमच्या अंगाला फीत लावायची नाही, लांबून अंदाजाने माप घ्यायचे, ही रीत स्वातंत्र्यानंतरही गावोगावी टिकली. घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदींनी ११ राज्यांतील ५६५ खेड्यांची पाहणी करून २००६ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही दलितांचे माप घ्यायला नकार देणारे शिंपी सापडतात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या आयाबहिणींना सांगितले की अस्पृश्यपणाची खूण पटविणारे लुगडे नेसणे सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा, ते चांदी-कथलाचे जड दागिने टाका. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ज्या ग्रंथाने मेलेल्यांची वस्त्रे नेमून दिली तो जाळणे आणि नेसण्याची रीत बदलणे ही दोन्ही कामे एकाच परिषदेत झाली. बाबासाहेबांच्या सुटाबुटाची टवाळी करणाऱ्यांना त्या सुटाचे माप कशाशी जुळते ते कधीच कळले नाही.

सासूने हातमशीन घरात आणली, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. आपल्या लेकरांचे माप आपल्याच हाताने घ्यायचे. लांब उभ्या असलेल्या कोणाच्या अंदाजावर आपला सदरा अवलंबून ठेवायचा नाही.

आणि आपण बौद्ध आहोत, तर आणखी एक गोष्ट. भिक्खूजवळ असाव्यात अशा आठ वस्तू धम्मात सांगितल्या आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा, पाणी गाळण्याचे फडके आणि सुई. सुई! राजपुत्र असो की न्हाव्याचा मुलगा उपाली असो, संघात आला की त्याने आपले चीवर आपण शिवायचे. विनयातील महावग्गात कथा आहे. मगधाची बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, अशा आखणीचे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे कापून, जोडून ते करून दाखविले. आजही चीवराकडे नीट पाहिले तर भाताच्या खाचरांचे बांध दिसतात. सुरुवातीचे भिक्खू स्मशानातल्या आणि उकिरड्यावरच्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणतात. मेलेल्याचेच वस्त्र मनूने आमच्यावर लादले ते कलंक म्हणून, आणि संघाने ते स्वेच्छेने उचलून, सुई-दोऱ्याने सन्मानाचे केले. कठीण चीवरदानातला 'कठीण' हा शब्दसुद्धा मुळात कापड ताणून शिवण्याच्या चौकटीचा आहे. वर्षावासानंतर आपण दुकानातून आणलेले तयार चीवर दान करतो तेव्हा हे आठवत नाही.

यासाठी फार लांब जायलाही नको. सातपूरहून त्रिरश्मी लेणी किती अंतरावर आहेत? तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायमची ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यातली २,००० शेकडा मासिक एक दराने. म्हणजे वर्षाचे व्याज २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणे, चीवरासाठी. हिशेब चोख बसतो. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे गोवर्धन, सातपूरच्या शिवेजवळचे. ज्या भूमीत विणकरांच्या संस्था दानाच्या ठेवी सांभाळीत होत्या, त्या भूमीतल्या बाईला आपण वर्षातून एकदा हार घातलेली मशीन देऊन वर "चार पैसे मिळव" असे बजावतो.

ताई विहारासाठी जो ध्वज शिवतात त्यात निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे आणि सहावा पट्टा त्याच पाच रंगांच्या आडव्या तुकड्यांचा असतो. खरी परीक्षा त्या सहाव्या पट्ट्यात होते. पाच तुकडे सारख्या मापाचे कापले नाहीत, किंवा टीप दोऱ्याएवढी सरकली, तर पट्टा खाली तिरका उतरतो. बाजारात छापील ध्वज स्वस्त मिळतात, एका बाजूने फिके. ताईंचे ध्वज दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, कारण त्यांना त्यात रस आहे. मजुरीवर असा ध्वज शिवणे कोणालाही परवडणार नाही.

त्यांना मशीनही कळते, नुसते शिवणे नव्हे. सुई खाली जाऊन किंचित वर उठते तेव्हा वरच्या दोऱ्याची लूप तयार होते. नेमक्या त्या क्षणी शटलचे टोक त्या लुपेतून गेले पाहिजे. क्षण चुकला की टाका सुटतो. हे जुळवणे यजमानांना, चाळीस वर्षे फिटरकी केलेल्या माणसाला, पहिल्यांदा जमले नव्हते. ताईंनी सुई अर्धा केस वर घेऊन जुळविले. दाते झिजले की कापड का अडते, खालच्या दोऱ्याचा ताण बॉबिन केसच्या कोणत्या बारीक स्क्रूने बदलतो, कुठे दोन थेंब तेल आणि कुठे एकही नाही, हे सारे त्या गल्लीतल्या मुलींना सांगतात. या ज्ञानाला आपण काय म्हणतो? 'शिवणकाम'. तेच पुरुषाने केले असते तर त्याला आपण मेकॅनिक म्हटले असते. सातपूरला आयटीआय आहे. तिथे जाऊ पाहणाऱ्या आमच्या मुलींना घरचे आणि बाहेरचे एकमुखाने शिवणाचा ट्रेड सुचवितात. जिला शटलची वेळ जुळविता येते तिला मशिनिस्ट किंवा फिटर हो, असे सुचविणारा कार्यकर्ता मला अजून भेटायचा आहे.

सरकारचे तर काय सांगावे! १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात शिंपीही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. पैसे मिळत असतील तर आमच्या बायकांनी जरूर घ्यावेत. मात्र योजनेची भाषा गुरु-शिष्य परंपरेची आणि कुटुंबात चालत आलेल्या धंद्याची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी नेमक्या याच कारणावरून ही योजना आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला. महाराष्ट्रात आपण त्यावर साधी चर्चा केली नाही, रांगा तेवढ्या लावल्या. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ साली लिहून ठेवणाऱ्याचे आपण अनुयायी! उर्मिला पवारांचे 'आयदान' आपल्या कपाटात असते. त्यातली आई बांबूची आयदाने विणत राहते, त्या विणण्यात तिची इच्छा कोणी विचारली होती? हाताचे काम आणि जात यांची गाठ किती घट्ट असते ते त्या पुस्तकात आहे. ही गाठ सुटते कधी? हाताला ते काम करायचे की नाही हे जेव्हा बाई स्वतः ठरविते तेव्हा. ताईंनी ते ठरविले आहे.

आता वेळेचा प्रश्न. बाबासाहेब मजूरमंत्री असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सातपूरच्या पुरुषांना त्यामुळे पाळी मिळाली. भोंगा वाजला की काम संपते. घरातल्या बाईच्या कामाला भोंगा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, पुरुष ८८ मिनिटे. यातला फरक तीन तासांहून अधिक आहे. जयंतीला वाटलेली मशीन जर या २८९ मिनिटांच्या वर आणखी दोन तासांची मजुरी म्हणून येत असेल, तर आपण त्या भगिनीला काय दिले?

म्हणून मंडळांना माझी सूचना आहे की पुढच्या वर्षी पाच मशिनी कमी वाटा. त्या पैशात विहाराच्या एका खोलीत चार मशिनी, एक कापण्याचे मोठे टेबल आणि दुरुस्तीची हत्यारे ठेवा. आठवड्यातून दोन दुपारी ती खोली बायकांना मोकळी ठेवा. तिथे काय शिवायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे, नाहीच शिवावेसे वाटले तर बसून बोलावे. ज्यांना मजुरीचे काम करायचे त्यांनी तेही करावे, पण नगाचा दर मिळून ठरवावा, एकेकीने व्यापाऱ्यासमोर उभे राहू नये. आणि त्या दोन दुपारी घरची मुले, भांडी आणि म्हातारी माणसे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी सांभाळावीत. फोटो हवाच असेल तर त्याचा काढावा.

ताईंच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही. मुलाचे कंत्राट या वेळी लांबले आहे आणि घरात चणचण आहे, हे ताईंनाही दिसते. परवा त्यांनी सुनेला पायमशीनवर सरळ टीप मारायला बसविले आणि स्वतः तिच्या मुलीला घेऊन बाहेर ओट्यावर बसल्या. काळी हातमशीन घरातच आहे. तिचे लाकडी झाकण टीव्ही ठेवायला बरे पडेल असे मुलाने सुचविले होते. तेवढे ताईंनी मान्य केले नाही.